पोस्टरवरचं नाव

आठवड्याचे पाच दिवस मी लेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते आणि रविवारी दुपारी कंट्री म्युझिक गाते. नागपूरला गेल्यावर हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय करते गं तू?"

मग मी सांगते. कंट्री हे अमेरिकेच्या गावखेड्यांतून आलेलं गाणं. गिटार, व्हायोलिन, साध्या बोलीभाषेत सांगितलेली कुणाची तरी गोष्ट. इंग्लंडमध्ये त्याचे वेडे बरेच आहेत. मिडलंड्समध्ये, म्हणजे देशाच्या मधल्या पट्ट्यात, कोळशाच्या खाणी आणि मोज्यांचे कारखाने बंद पडले, पण कामगारांचे सोशल क्लब अजून उघडे आहेत. त्यातल्या कित्येक क्लबांत रविवारी दुपारी साठी-सत्तरीची माणसं काउबॉय हॅट आणि उंच बूट घालून जमतात, रांगा करून नाचतात. स्टेजवर एकजण गातो. काही वर्षं तो एकजण बऱ्याचदा मी असायचे.

मी इथे आले तेव्हा असलं काही डोक्यात नव्हतं. बेलग्रेव्ह रोडच्या मागे एका घरात भाड्याची खोली होती. खाली मिठाईचं दुकान, वर मी. नोकरी चांगली होती, खायची आबाळ नव्हती, पण सुट्टीचा दिवस अंगावर यायचा. खोलीत दहा मिनिटंसुद्धा बसवत नसे. चहा करायचा, अर्धा टाकायचा, कोट चढवायचा आणि निघायचं. कॅनॉलच्या कडेनं इतकी चालले की एका हिवाळ्यात बुटांचे दोन जोड झिजले. कुठे जायचं होतं ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या शिफ्टसुद्धा मागून घ्यायचे. मॅनेजर एकदा म्हणाली, "तुला घर नाही का?"

त्याच वर्षी एक गृहस्थ उजव्या हाताचा एक्स-रे काढायला आले. वय सत्तरच्या आसपास, मोज्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. मी त्यांचा हात प्लेटवर नीट ठेवत होते आणि नेहमीसारखी गुणगुणत होते. आमच्या वस्तीतल्या जलशाची चाल होती, बाबांची. मला वाटतं गुणगुणतेय हे मला कळतही नव्हतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. हात हलवू नका."

"हात हलत नाहीये. पुढची ओळ काय?"

मी हसले आणि एक कडवं हळू आवाजात म्हटलं. ते डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "मी स्टील गिटार वाजवतो. या अंगठ्यानं. रविवारी आमच्या क्लबात ये. ही चाल आम्हाला ओळखीची आहे, फक्त शब्द कळत नाहीत."

पेशंटच्या बोलावण्यावर जायचं नसतं. मी दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी कॅनॉलवर पाऊस होता आणि पाय वळले.

त्यांना मी मनातल्या मनात स्टीलवाले काका म्हणायला लागले आणि अजून तेच म्हणते. त्यांचं वाद्य मांडीवर आडवं ठेवायचं असतं. डाव्या हातात लोखंडी दांडा, तो तारांवरून सरकवायचा. स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो. आमच्याकडे बाबा पेटीवर गायचे. पेटीवर असा स्वर घसरत नाही, म्हणून ती घसरण ते गळ्यानं करायचे. त्या हॉलमध्ये बिअरच्या आणि ओल्या कोटांच्या वासात मी पहिल्यांदा ती तार ऐकली आणि दारातच थांबले. गाण्यात काय होतं? एक बाई कारखान्यात जाते, नवरा पितो, ती गाव सोडते. बस. आमच्या जलशातही हेच असायचं. फक्त शेवटी ती बाई पोराला शाळेत घालायची.

वर्षभरात मी त्यांच्याबरोबर गायला लागले. जुनी गाणी पाठ केली. उच्चार काकांनी घासून घेतले. गावोगावचे क्लब: कॉव्हेंट्री, मॅन्सफील्ड, ननीटन, समुद्रावरचं स्केगनेस. शिफ्ट बदलून, डब्यात पोळी-भाजी घेऊन निघायचं. मला गाण्यापेक्षा निघणंच जास्त आवडायचं असं कधीकधी वाटतं. गाडी हायवेला लागली की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. हॉलमधून परत निघालं की पुन्हा आवळायचं.

पहिल्या पोस्टरच्या वेळी क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी माझं नाव कागदावर लिहून पाहिलं. बाई पोस्टात होत्या, आता रिटायर्ड. सगळ्या परिसरातले कार्यक्रम त्याच ठरवायच्या. प्रेमळ. माझ्यासाठी नेहमी चीज नसलेलं सँडविच वेगळं ठेवायच्या, कारण मी एकदा नको म्हणाले होते.

"बाळा, हे पोस्टरवर बसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि कुणाला म्हणताही येणार नाही. काहीतरी छोटं घेऊ या?"

त्यांनीच एक नाव सुचवलं. दोन छोटे इंग्रजी शब्द, ऐकायला गोड, टेक्सासमधल्या एखाद्या मुलीचं असावं तसं. मी खो खो हसले आणि बरं म्हटलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट मजा वाटली. सोमवार ते शुक्रवार मी एक, रविवारी दुसरी. चॅरिटी शॉपमधून तपकिरी हॅट घेतली, बूट घेतले. लोक त्या नावानं हाका मारायला लागले, आणि मी वळून पाहायला लागले.

मग बाबा आले.

बाबा पेंटर. चित्रकार नव्हेत, पाट्या रंगवणारे. उत्तर नागपुरातल्या कितीतरी दुकानांवर, दवाखान्यांवर, शाळांवर त्यांची अक्षरं होती; पुढे फ्लेक्सची छपाई आली आणि काम संपलं. रंगवायचे पोटासाठी आणि गायचे जलशात, भीमजयंतीला, निळ्या कमानीखाली, आवाज बसेपर्यंत. आईनं विमानाला साफ नकार दिला, म्हणून एकटेच महिनाभरासाठी आले. त्यांच्या दोन इच्छा होत्या. ज्यांच्या जयंतीला ते गायचे, त्यांचं शिकतानाचं कॅमडेनमधलं घर पाहायचं, आणि माझं गाणं ऐकायचं.

घर पहिल्याच आठवड्यात पाहून झालं. दाराशी त्यांनी बूट काढले, कुणी सांगितलं नसताना. वरच्या खोलीत बराच वेळ उभे राहिले. मी फोटो काढायला गेले तर हातानं थांबवलं. परतीच्या ट्रेनमध्ये लेस्टर जवळ आलं. मग एकदम म्हणाले, "आता तुझं गाणं कधी आहे?"

रविवारी त्यांना घेऊन गेले. क्लबच्या दारावर पोस्टर होतं. हॅट घातलेला माझा फोटो आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत ते नाव. बाबांनी चष्मा चढवला.

"अक्षरांमधलं अंतर चुकलं," ते म्हणाले. "हे दोन अक्षरं चिकटले, हे पाहा." मग थोडं मागे सरकून पुन्हा पाहिलं. "फोटो तुझा हाय. नाव कोणाचं हाय?"

"माझंच, बाबा. स्टेजचं."

"अस्सं."

तेवढंच. आत जाऊन पहिल्या रांगेच्या कडेला बसले, हात गुडघ्यांवर. मी गायला लागले. समोर चार रांगा एकदम डावीकडे वळत होत्या, टाळी देत होत्या, उजवीकडे सरकत होत्या. बाबांची नजर माझ्यावर होती आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती. तो ठेका आमच्या ड्रमच्या अर्ध्या मात्रेनं मागे होता, आणि खरं सांगायचं तर तोच जास्त बरोबर होता. मी दोन ठिकाणी शब्द विसरले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

मध्यंतरात काकांनी बाबांना स्टेजवर बोलावलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. काकांनी लोखंडी दांडा बाबांच्या हातात दिला, तार छेडली. बाबांनी दांडा हळूहळू सरकवला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बरोबर आमच्या जुन्या चालीच्या सुरांवरून नेला. काका ओरडलेच, "अरे, हीच ती चाल! एक्स-रेवाली!"

मला वाटलं, सगळं छान पार पडलं. परत येताना गाडीत बाबा बाहेरची शेतं पाहत होते.

"गाणं चांगलं हाय तुझं," ते म्हणाले. "आवाज माझ्यावर गेला. पण ते नाव काऊन बदललं?"

"इथे सगळेच बदलतात, बाबा. त्यांना म्हणता येत नाही."

"शिकवलं तं येईल."

"पोस्टरवर मावत नाही."

"मी पंचेचाळीस वर्षं नावं बसवली पाट्यांवर," ते शांतपणे म्हणाले. "मले सांगू नको."

मी चिडले. आवाज चढला. "इथे कोणाला कळतं हो आपलं आडनाव? कोण विचारतं? इथे ते नुसतं एक लांब नाव आहे!"

"मंग अडचण कायची?"

मी वायपरचा वेग वाढवला. मग बाबांनी ते सांगितलं, जे मी कधीही ऐकलेलं नव्हतं. पाटी पूर्ण झाली की खालच्या कोपऱ्यात पेंटर बारीक अक्षरांत आपलं नाव टाकतो. तेवढीच त्याची जाहिरात. एका मिठाईच्या दुकानाची मोठी पाटी त्यांनी चार दिवस शिडीवर उभं राहून केली. दुकानदार खूश झाला. मग कोपऱ्यात वाकून वाचलं आणि म्हणाला, "पेंटर, नाव राहू द्या, आडनाव तेवढं पुसा. खायची वस्तू आहे. गिऱ्हाईक वाचतं."

"मग?"

"मंग काय. पुसलं. रंग ओला होता." बाबांनी खिडकीची काच पुसली. "घरी तुम्ही तिघं होते. पुढच्या सगळ्या पाट्यांवर मी कोपरा मोकळाच ठेवला. कोणी सांगायच्या आधीच." मग म्हणाले, "मले पुसाले लावलं होतं. तुले कोणी लावलं?"

मी गाडी एका पेट्रोल पंपावर थांबवली. उगाचच. टाकी भरलेली होती.

बाबा गेले आणि पुढचे दोन महिने माझं कशातच लक्ष नव्हतं. झोपायला आडवी झाले की पाय आपोआप हलायचे. कामावर कुणी नावानं हाक मारली तरी दचकायचे. रविवारी स्टेजवर त्या दुसऱ्या नावानं टाळ्या पडल्या की वाटायचं, आता खरी ती येईल आणि मला खाली उतरवेल. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी पेशंट लिस्टच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला लागले. आजवर मी दुसऱ्यांची गाणी गात होते. हे पहिलं माझं. इंग्रजीत लिहिलं, कारण ऐकणारे इंग्रज होते, पण ओळी डोक्यात मराठीतच यायच्या: बापानं साऱ्या शहराची नावं लिहिली, कोपरा मात्र कोराच ठेवला.

कागद घेऊन काकांच्या घरी गेले. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तुझ्या वडिलांचं?"

"हो."

"यावर नाचता येणार नाही कुणाला."

"ठाऊक आहे."

"बरं," म्हणत त्यांनी गिटार मांडीवर ओढली. "कुठल्या पट्टीत?"

सेक्रेटरीबाईंना मी नाव बदलायचं म्हणून सांगितलं तेव्हा त्यांना खरोखरच वाईट वाटलं. "मी काही चुकीचं केलं का?" त्यांनी विचारलं. त्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं आणि तेच त्यांना समजावणं अवघड होतं. "लोक तुला त्याच नावानं ओळखतात गं. पुढच्या सहा महिन्यांची पोस्टरं छापून झालीत. आता तू ही नाहीस म्हणालीस, तर ते विचारतील, ही कोण?"

"विचारू देत."

त्या रविवारी मी हॅट न घालता उभी राहिले. माईकवर माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश, दोनदा. लोक हसले, प्रेमानंच. कुणीतरी जुन्या नावानं हाक मारली. मग मी ते गाणं सुरू केलं. रांगा उभ्या होत्या, पाय तयार. पहिलं कडवं संपेपर्यंत त्यांनी पावलं शोधायचा प्रयत्न केला. ठेका अर्ध्या मात्रेनं मागे होता, बाबांच्या बोटांसारखा. एकेक करून लोक थांबले. कुणी कमरेवर हात ठेवून उभं, कुणी बारकडे वळलं, दोन बायका खुर्च्यांवर बसल्या आणि बूट काढून तळवे चोळायला लागल्या. शेवटच्या ओळीला डान्स फ्लोअर पूर्ण रिकामा होता. टाळ्या पडल्या, पण थोड्या आणि सभ्य.

नंतर सेक्रेटरीबाईंनी सँडविचची प्लेट दिली. "छान होतं, बाळा. खरंच. पण पुढच्या वेळी नाचता येईल असं काहीतरी?"

पुढच्या वेळा कमी कमी होत गेल्या. कुणी काही बोललं नाही. फक्त बोलावणं येईनासं झालं. मॅन्सफील्डवाल्यांनी दुसरी मुलगी घेतली. रविवार पुन्हा मोकळे झाले आणि मी पुन्हा कॅनॉलवर. त्या काळात मला कितीदा वाटलं की फोन उचलावा आणि म्हणावं, ठीक आहे, ते नाव परत लावा, हॅट कपाटात आहे. एकदा तर नंबर फिरवलाही होता. बाई उचलायच्या आत ठेवून दिला.

गाण्याचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग मी घरी पाठवलं होतं. नागपूरहून उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी बाबांचा फोन आला. बहिणीनं त्यांना एकेक ओळ मराठीत करून सांगितली होती, त्यांनी ती वहीत उतरवून घेतली होती.

"जयभीम. ऐकलं," ते म्हणाले. "चूक हाय."

"कुठे?"

"तू लिहिलं, बापाच्या हाताला टर्पेंटाइनचा वास. आपण टर्पेंटाइन कधी आणलं? घासलेटानं ब्रश धुवायचो. घासलेट लिही."

"लिहिते."

"आणखी एक." वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "त्या मिठाईवाल्याले तू राक्षस केला. तो तसा नव्हता. आडनाव पुसलं त्या दिवशी त्यानं मले खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अर्धा किलो पेढे बांधून दिले पोरांसाठी. तुम्ही खाल्ले. तू तं कागदबी चाटला होता. तेही लिही. नाही लिहिलं तं गाणं खोटं होते."

मी फोन हातात धरून जिन्यात बसले. कोणते पेढे ते आठवत नाही, आणि तेच जास्त झोंबलं. आमच्या घरी पेढे वर्षातून एखाद्याच वेळी यायचे, म्हणजे तो दिवस आमच्यासाठी सणाचा असणार. आम्ही बाबांच्या भोवती नाचलो असू. ते शिडी दाराशी टेकवून आमच्याकडे पाहत उभे असतील. हे असं गाण्यात कसं घालायचं? आणि घालून कुणापुढे गायचं?

चौथं कडवं लिहायला मला सगळा उन्हाळा लागला. कितीतरी कागद फाडले. दुकानदार वाईट असता तर सोपं होतं. शेवटी सहा ओळी उरल्या: एक माणूस शिडीवरून उतरतो, हातात पेढ्यांचं पुडकं, आणि घरी मुलं विचारतात, कुणी दिलं? तो म्हणतो, भल्या माणसानं.

ते कडवं पहिल्यांदा गायले लेस्टरमधल्याच एका लायब्ररीच्या हॉलमध्ये. शनिवारी सकाळी, खुर्च्या वीसेक. निम्म्या रिकाम्या. काकांच्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं होतं, हात अजून पट्टीत, म्हणून मी एकटीच, तीन कॉर्ड येतात तेवढ्या गिटारवर. कुणी नाचणार नव्हतं, त्यामुळे कुणी थांबणारही नव्हतं. ‘भल्या माणसानं’ या शब्दांशी माझा आवाज फाटला. सावरला नाही. मी तसाच फाटका पुढे नेला. गाणं संपल्यावर एक पंजाबी गृहस्थ, बसचे ड्रायव्हर असावेत, युनिफॉर्मचं जाकीट अंगावर, ते माझ्याजवळ आले. माझा हात हातात घेऊन दोनदा हलवला आणि निघून गेले.

आता काका वाजवत नाहीत. अंगठा बरा आहे, पण पकड आली नाही. तरी माझ्याबरोबर येतात, शेजारच्या सीटवर बसतात, आणि सगळा रस्ता माझ्या चुका काढतात. महिन्यातून दोन-तीन ठिकाणी बोलावणं असतं: छोटे लोकसंगीताचे क्लब, चर्चचे हॉल, एखादी लायब्ररी. कधी कंट्री म्हणतात, कधी नुसतं गाणं म्हणतात. सेक्रेटरीबाईंनीही या वसंतात फोन केला. डान्स सुरू व्हायच्या आधी अर्धा तास, लोक चहा पीत असताना गाशील का, म्हणून. "पोस्टरवर काय लिहू ते अक्षर-अक्षर सांग," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. आडनावाचा उच्चार त्यांना जमला नाही. मी पुन्हा सांगितला. चौथ्यांदा जवळपास आला.

शांत झाले का मी? नाही. रविवारी बारानंतर अजूनही घरात बसवत नाही. परवा डर्बीच्या रस्त्यावर काका म्हणाले, "जरा हळू चालव. गाण्यातही तुझं हेच. दुसरं कडवं संपायच्या आत तिसऱ्यावर असतेस."

"पोचायचं असतं ना वेळेत."

"अजून दीड तास आहे कार्यक्रमाला."

मी वेग थोडा कमी केला. उजवीकडून मागून एक ट्रक येत होता. त्याला पुढे जाऊ दिलं, मग दुसऱ्यालाही. तिसरा आला तेव्हा मात्र मी इंडिकेटर दिला आणि त्याच्या आधी वेगाच्या लेनमध्ये शिरले.